मरणाची रीत ठरवणारे विकर

पेशींच्या मृत्यूविषयीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, कॅस्पेज-३ या विकराची ओळख त्यात बहुधा जल्लाद म्हणून करून दिलेली असते. १९९४ मध्ये फिलाडेल्फियात एमाद अल्नेमरी यांच्या प्रयोगशाळेने त्याचे जनुक शोधले तेव्हा त्याला सीपीपी३२ असे रुक्ष नाव मिळाले होते. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या विश्व दीक्षित यांच्या गटाने त्याला थेट ‘यम’ म्हटले. १९९६ मध्ये या कुळातल्या सगळ्या विकरांना क्रमांक देऊन नावांचा गोंधळ मिटवण्यात आला आणि यम मागे पडला; समजूत मात्र टिकून राहिली की, हे विकर जागे झाले की पेशी मरते आणि निद्रिस्त राहिले की जगते. पुढच्या प्रकरणांत पेशीमृत्यूचे अनेक पैलू येणार आहेत. त्यांच्या आधी ही समजूत तपासून घ्यावी असे मला वाटते. माझे म्हणणे असे की, सस्तन प्राण्यांच्या शरीरात पेशी मरणार की नाही हा निर्णय कॅस्पेज-३ बहुतेक वेळा घेतच नाही. तो आधीच, दुसरीकडे झालेला असतो. हे विकर ठरवते ती मरणाची रीत: पेशी किती झपाट्याने मरेल, शेजारच्या पेशींना त्रास होईल की नाही, आणि त्या मृत्यूची खबर शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला लागेल की नाही. आपल्याकडच्या कथांतही यम प्राण न्यायला येतो, पण कुणाचे दिवस भरले हे चित्रगुप्ताच्या वहीत आधीच लिहिलेले असते.

पेशीच्या मरणालाही कार्यक्रम असतो हा विचार फार जुना नाही. १९६४ मध्ये रिचर्ड लॉकशिन आणि कॅरल विल्यम्स यांनी रेशीमपतंगाच्या पोटातले काही स्नायू पतंग कोशातून बाहेर पडल्यावर ठरल्या वेळी नाहीसे होतात हे दाखवले आणि त्याला नियोजित पेशीमृत्यू म्हटले. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टर करी यांनी त्याचे रूप सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटले. पेशी आकसते, केंद्रकातले द्रव्य घट्ट होऊन कडेला जमा होते, पेशीचे पटलात गुंडाळलेले लहान लहान तुकडे होतात आणि आसपासच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, दाह नाही, मागे काही उरत नाही. इजा होऊन फुटणाऱ्या पेशीच्या मरणापेक्षा हे मरण अगदी वेगळे होते, आणि त्याला त्यांनी अपॉप्टॉसिस हे नाव दिले. त्या तिघांनी पाहिले ते दृश्य होते. पेशी का मरते आहे हे त्यांना त्या काचपट्टीवर दिसत नव्हते, कशी मरते आहे ते दिसत होते. पुढे सापडलेले कॅस्पेज-३ हे प्रामुख्याने या दृश्यामागचे विकर ठरले, हे लक्षात ठेवले तर पुढचा युक्तिवाद समजायला सोपा जाईल.

जल्लादाची प्रतिमा आली ती एका कृमीमुळे. सिडनी ब्रेनर यांनी प्रयोगांसाठी निवडलेला हा मातीतला कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. जॉन सल्स्टन यांनी त्याच्या एकेका पेशीची वंशावळ लावली आणि हिशेब असा निघाला: उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी जन्मतात, त्यातल्या नेमक्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. १९८६ मध्ये हिलरी एलिस आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी दाखवले की, सेड-३ हे एक जनुक बिघडले तर मरणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशी जगतात. १९९३ मध्ये जुनयिंग युआन आणि हॉर्विट्झ यांनी त्या जनुकाचे प्रथिन ओळखले, तेव्हा ते माणसातल्या दाहाशी संबंधित एका विकरासारखे निघाले. त्याच कुळातल्या मानवी विकरांत सेड-३ ला सर्वांत जवळचे म्हणून कॅस्पेज-३ पुढे आले. ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ चे नोबेल मिळाले, आणि ते सर्वार्थाने योग्यच होते. पण कृमीत सिद्ध झालेली गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू आहे असे गृहीत धरले गेले, आणि गोष्ट इथेच थोडी घसरली.

विकर प्रत्यक्षात काय करते ते जरा जवळून पाहू. कॅस्पेज-३ आपल्या जवळजवळ सर्व निरोगी पेशींत आयुष्यभर असते, पण निष्क्रिय साखळीच्या रूपात. ही साखळी २७७ अमिनो आम्लांची असते आणि अशा दोन साखळ्या एकमेकींना चिकटून राहतात. १७५ व्या स्थानावर ॲस्पार्टिक आम्ल आहे. त्याच्या लगेच पुढे साखळी तोडली गेली की मोठा आणि लहान असे दोन तुकडे आपापल्या जागा किंचित बदलतात आणि १६३ व्या स्थानावरच्या सिस्टीनभोवती एक खोबण तयार होते. या खोबणीत वाटेल ते प्रथिन मावत नाही. चार अमिनो आम्लांची एक विशिष्ट ओळ, म्हणजे ॲस्पार्टिक, ग्लुटामिक, व्हॅलिन आणि पुन्हा ॲस्पार्टिक, किंवा तिच्याशी मिळतीजुळती ओळ लागते, आणि छेद शेवटच्या ॲस्पार्टिकनंतरच बसतो. पचनमार्गातले ट्रिप्सिन अन्नातल्या प्रथिनाचा भुगा करते. कॅस्पेज-३ शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनाला एखाद्याच ठिकाणी कापते आणि बाकीचे तसेच ठेवते. निव्वळ नाश करायचा असता तर इतकी निवड कशासाठी? हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका रासायनिक पुरावा वाटतो.

आता या साखळीला पहिला छेद कोण देते ते पाहू. एक मार्ग पेशीच्या बाहेरून येतो. पृष्ठभागावरच्या ग्राहींना मृत्यूचा संकेत मिळाला की कॅस्पेज-८ सक्रिय होते आणि ते कॅस्पेज-३ ला कापते. दुसरा मार्ग आतला आणि कशेरुकी प्राण्यांत अधिक महत्त्वाचा. पेशीवर ताण वाढला, डीएनए बिघडला किंवा वाढीचे पोषक संकेत तुटले की बीसीएल-२ कुळातल्या प्रथिनांत ओढाताण सुरू होते. मृत्यूच्या बाजूची प्रथिने वरचढ ठरली तर तंतुकणिकांच्या बाह्यपटलाला छिद्रे पडतात. आतले सायटोक्रोम-सी, जे एरवी श्वसनाच्या कामात गुंतलेले असते, बाहेर सांडते. शिआओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ आणि १९९७ मध्ये हे दाखवले की, सायटोक्रोम-सी आणि आपाफ-१ नावाचे प्रथिन मिळून एक चक्राकार रचना बांधतात, तिच्यावर कॅस्पेज-९ सक्रिय होते आणि मग ते कॅस्पेज-३ ला छेद देते. २००० मध्ये डग्लस ग्रीन यांच्या गटाने जिवंत पेशींचे चित्रण करून पाहिले, तर एकदा गळती सुरू झाली की पेशीतल्या तंतुकणिका साधारण पाच मिनिटांत रिकाम्या होत होत्या. पण गळती सुरू होण्याआधीचा काळ पेशीगणिक काही तासांनी वेगळा असतो. एकाच पेशीच्या विभाजनातून आलेल्या दोन भगिनी पेशीसुद्धा थोड्या काळानंतर वेगवेगळ्या वेळी मरू लागतात, कारण वरच्या टप्प्यातल्या प्रथिनांचे प्रमाण दोघींत वेगळे होत जाते. चलबिचल सगळी वरच्या टप्प्यात आहे. कॅस्पेज-३ च्या टप्प्यावर ती जवळजवळ संपलेली असते.

हे खरे असेल तर एक गोष्ट तपासता यायला हवी: विकर काढून टाकले तरी पेशी मरायला हवी. एमसीएफ-७ नावाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. त्यांच्या कॅस्पेज-३ च्या जनुकातला ४७ आधारकांचा एक तुकडा गळालेला आहे, त्यामुळे त्यांत हे विकर तयारच होत नाही. १९९८ मध्ये असे दिसले की, मृत्यूचा संकेत मिळाल्यावर या पेशी मरतात, फक्त त्यांचा डीएनए ठरावीक तुकड्यांत तुटत नाही आणि अपॉप्टॉसिसचे ते परिचित रूप दिसत नाही. बाहेरून जनुक घातले की रूप परत येते. मेलबर्नमध्ये पॉल एकर्ट, डेव्हिड वॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आपाफ-१ आणि कॅस्पेज-९ नसलेल्या पेशी घेतल्या, त्यांचे पोषक संकेत तोडले किंवा त्यांना औषध दिले आणि त्यांतल्या किती पुढे वसाहत करू शकतात हे मोजले. मरण लांबले, टळले नाही. उंदरांच्या पिलांत बोटांमधला पडदा आपाफ-१ नसताना उशिरा का होईना नाहीसा होतो, आणि मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी गर्भावस्थेत मरायच्या असतात त्या कॅस्पेज-३ नसलेल्या उंदरांतही जवळपास तितक्याच मरतात. मरणाचे रूप तेवढे बदलते.

मग विकर नसल्याने शरीराचे बिघडते काय? पेशीत कॅस्पेज-३ काय काय कापते ते ओळीने पाहिले की उत्तर मिळते. ते आयकॅड नावाच्या प्रथिनाला कापते, त्यामुळे बांधून ठेवलेले डीएनए कापणारे विकर मोकळे होते आणि डीएनए साधारण १८० आधारक-जोड्यांच्या पटींत तुटतो. रॉक-१ ला कापते, त्यामुळे पेशीचा आतला सांगाडा आवळला जातो आणि तिचे फुगे होऊन तुकडे पडतात. पार्प हे डीएनए दुरुस्त करणारे प्रथिन ते ८९ आणि २४ किलोडाल्टनच्या दोन तुकड्यांत विभागते. दुरुस्तीच्या निष्फळ खटाटोपात पेशीची ऊर्जा संपू नये हा त्याचा एक परिणाम. पेशीपटलातली एक वाहिनी ते कापते, तिच्यातून एटीपी बाहेर पडतो, आणि त्या वासावर भक्षकपेशी जवळ येतात. पटलाच्या आतल्या बाजूचे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर आणणारे प्रथिन ते चालू करते आणि ते परत आत नेणारे बंद करते. हे मेद बाहेर दिसले की भक्षकपेशी गिळायला सुरुवात करते. प्रेताची विल्हेवाट, पंचनामा आणि शेजाऱ्यांना निरोप, सगळी व्यवस्था मरणाऱ्या पेशीकडूनच करून घेतली जाते. २०१४ मध्ये येल आणि मेलबर्न इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, तंतुकणिका फुटल्या पण कॅस्पेज विकरे कामाला लागली नाहीत, तर तंतुकणिकांतला डीएनए विषाणूसारखा भासतो आणि पेशी इंटरफेरॉन सोडून धोक्याची हाक देते. पेशी तरीही मरते, पण आरडाओरडा करून. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यातल्या प्रत्येकीने अशी हाक दिली तर दाह कधी थांबणारच नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते तकलादू नाहीत. पहिला आक्षेप कृमीचाच. तिथे सेड-३ गेले की पेशी जगतात, मग निर्णय विकराचाच ना? कृमीत आहे, हे मान्यच करायला हवे. पण कृमीत तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी सांडण्याची गरजच पडत नाही. सेड-४ हे आपाफ-१ चे भाऊबंद प्रथिन त्याच्याशिवाय सेड-३ ला जागे करते. निर्णय आणि अंमल तिथे एकाच टप्प्यात एकवटले आहेत. आपल्याकडे त्यांच्यामध्ये तंतुकणिका उभी राहिली, आणि तिला छिद्रे पडणे हेच पेशीसाठी घातक ठरते. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. १९९६ मध्ये कॅस्पेज-३ नसलेले उंदीर तयार झाले तेव्हा त्यांच्या मेंदूत जास्तीच्या पेशी उरल्या आणि बहुतेक पिले लवकर दगावली. २००६ मध्ये कॅस्पेज-३ आणि त्याचे भावंड कॅस्पेज-७ दोन्ही काढली, तेव्हा उंदीर जन्मानंतर लगेच मेले आणि त्यांच्या पेशी मृत्यूला चिवटपणे विरोध करू लागल्या. तंतुकणिकांचे कामही त्यांत जास्त काळ टिकले. या निष्कर्षांमुळे माझे विधान मला थोडे आखडते घ्यावे लागते. कॅस्पेज विकरे नुसती आवराआवर करत नाहीत. ती उलट वर जाऊन तंतुकणिकांचे नुकसान वाढवतात, आणि ज्या पेशी काठावर असतात त्यांना परत फिरू देत नाहीत. वाढत्या मेंदूत अशा काठावरच्या पेशी बऱ्याच असाव्यात. पण उंदरांची जात बदलली की १९९६ चा परिणाम बराच सौम्य होतो आणि कॅस्पेज-३ नसलेले उंदीर मोठेही होतात. जनुकीय पार्श्वभूमीनुसार ज्याची निकड इतकी बदलते त्याला अंतिम निर्णयकर्ता म्हणणे मला धाडसाचे वाटते.

तिसरा आक्षेप २०१७ मधला, आणि तो थेट शेजाऱ्यांना त्रास न होण्याच्या माझ्या मुद्द्यावर येतो. बीजिंगमध्ये फेंग शाओ यांचा गट आणि फिलाडेल्फियात कॅस्पेज-३ चे जनुक ज्यांनी शोधले तेच अल्नेमरी, दोघांनी दाखवले की, गॅसडर्मिन-ई नावाचे प्रथिन असलेल्या पेशीत कॅस्पेज-३ त्याला कापते, सुटलेला तुकडा पेशीपटलात मोठी छिद्रे पाडतो, पेशी फुगून फुटते आणि दाह होतो. केमोथेरपीत निरोगी ऊतींना जी इजा होते तिच्यात याचा वाटा आहे. गॅसडर्मिन-ई नसलेल्या उंदरांना ती कमी झाली. अनेक कर्करोगपेशींत मात्र हे जनुक बंद करून ठेवलेले असते, त्यामुळे त्या गुपचूप मरतात. म्हणजे हे विकर नेहमी शांत मरण देते असे नाही. तरीही मूळ मुद्दा इथे बळकटच होतो. विकर तेच, त्याचा छेद तोच. समोर कोणते प्रथिन आहे त्यावर मरणाची रीत ठरते, आणि ती ठरते ती या विकराच्या हातूनच.

मेले ते मेले, रीतीचा एवढा काथ्याकूट कशाला, असेही कोणी म्हणेल. त्याला उत्तर रुग्णालयातून येते. एम्रिकासान हे औषध जवळपास सगळी कॅस्पेज विकरे रोखते. यकृताच्या पेशी मरू दिल्या नाहीत तर यकृत वाचेल हा त्यामागचा सरळ विचार होता. मेदामुळे यकृताला दाह झालेल्या ३१८ रुग्णांवर ७२ आठवडे चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. यकृताच्या इजेची खूण मानल्या जाणाऱ्या एका विकराची रक्तातली पातळी सुरुवातीला घटली, पण यकृताच्या ऊतींत सुधारणा दिसली नाही; तंतुमयता आणि पेशींची सूज वाढली असण्याची शक्यताच नोंदवावी लागली. संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे की, एक वाट अडवल्यावर पेशी बहुधा दुसऱ्या वाटेने मेल्या. याच्या शेजारी व्हेनेटोक्लॅक्स ठेवून पाहा. मेलबर्नमध्येच १९८८ मध्ये बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही हे कळले होते. हे औषध त्या बीसीएल-२ वर, म्हणजे तंतुकणिकेच्या वरच्या टप्प्यावर काम करते. दीर्घकालीन लिंफोसाइटिक रक्तकर्करोगातल्या एका अवघड गटासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि आज ते त्या रोगाच्या उपचारांत पक्के रुजले आहे. पेशीच्या मरणाचा निर्णय जिथे होतो तिथे हात घातला तेव्हा औषध लागू पडले. अंमलाच्या टप्प्यावर हात घातला तेव्हा फक्त रीत बदलली, आणि ती रुग्णाच्या भल्यासाठी बदलली नाही.

पेशी जिवंत असतानाही हे विकर थोड्या प्रमाणात कामाला येते, हेही लक्षात घ्यायला हवे. स्नायूपेशी परिपक्व होताना त्याची गरज लागते. मेंदूत काही चेतासंधींची जोडणी सैल करण्याच्या प्रक्रियेतही २०१० मध्ये त्याचा सहभाग सिद्ध झाला आणि त्यात चेतापेशी मरत नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये हो लॅम टँग आणि डेनिस माँटेल यांनी २०१२ मध्ये दाखवले की, मारक द्रव्य धुऊन टाकले तर कॅस्पेज-३ सक्रिय झालेल्या, आकसलेल्या पेशीही सावरतात आणि पुन्हा विभाजित होतात. काहींच्या डीएनएत दोष मात्र राहून जातात. कर्करोगावर उपचार करणाऱ्यांनी या शेवटच्या निष्कर्षाकडे आजवर दिले त्यापेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे असे माझे मत आहे.

आणि म्हणून वाचकांना एक विनंती. हळदीतले कर्क्युमिन किंवा अमुक वनस्पतीचा अर्क कर्करोगपेशी मारतो अशा बातम्या आपल्याकडे सतत येतात, आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या शोधनिबंधात पुरावा म्हणून बहुधा हेच दिलेले असते: अर्क घातल्यावर कॅस्पेज-३ सक्रिय झाले. या प्रकरणांनंतर अशी बातमी वाचाल तेव्हा आधी विचारा की, तो अर्क काढून घेतल्यावर किती पेशी पुन्हा वाढल्या, त्या मेल्या असतील तर कोणत्या रीतीने मेल्या, आणि काचेच्या बशीत वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात पोहोचू शकते का. कर्क्युमिन तोंडाने घेतले तर फारच थोडे शोषले जाते. आणि प्रयोग साध्या एमसीएफ-७ पेशींवर झालेला असूनही त्यात कॅस्पेज-३ वाढल्याचा दावा असेल, तर तो निबंध तिथेच बाजूला ठेवा. बाहेरून जनुक घातल्याशिवाय त्या पेशींत हे विकर नसते.